दुपारी दोननंतर

"परिशिष्ट अ," लोहारेकरांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाचायला सुरुवात केली. "तीन तारीख. दुपारी दोन चाळीस. घड्याळ क्रमांक एकतीस ते अडतीस, एकूण आठ, खंडागळे यांच्या राहत्या घरी एकत्र. पाच वाजून पाच मिनिटांनी पांगली. चार तारीख. दुपारी दोन अडतीस. एकतीस ते अडतीस, एकत्र." त्यांनी पान उलटलं. पुढची पाच पानंही तशीच होती.

तळेघाट नगरपरिषदेच्या वाचनालयावरची खोली आम्हाला चौकशीसाठी दिली होती. समोर रियाज तांबोळी हा आस्थापना विभागातला लिपिक उभा होता. कौसाबाई खंडागळे या सफाई कामगार बाईंना कामावरून कमी केल्याचा आदेश त्यानेच टाइप केला होता आणि ही सहा पानंही त्यानेच जोडली होती. ही जोडायला कोणी सांगितलं, असं लोहारेकरांनी विचारलं. तो म्हणाला, कोणी नाही. आदेशात आरोप असला की पुरावा परिशिष्टात जातो, तशी पद्धतच आहे. पुरावा कुठून आला? अण्णांनी दिला, स्वतःच्या हाताने लिहून.

"आणि तू जोडलास."

"न जोडून कसं चालेल साहेब? ऑडिटला आक्षेप निघतो."

तो गेल्यावर लोहारेकर बराच वेळ खाली मान घालून हसत होते. निवृत्त नायब तहसीलदार माणूस. चौतीस वर्षांच्या नोकरीत, आरोपीने स्वतःविरुद्धचा पुरावा शिक्का मारून आणि पानांना क्रमांक देऊन पाठवलेला त्यांनी पाहिला नव्हता, असं म्हणाले.

आरोपी म्हणजे अण्णा. नगराध्यक्ष नागनाथअण्णा हलगे.

आदल्या वर्षी नगरपरिषदेने चौसष्ट सफाई कामगारांना मनगटी घड्याळं दिली होती. कोण कुठल्या गल्लीत आहे, कुठे थांबलं, किती चाललं, हे मिनिटामिनिटाला पडद्यावर ठिपक्यांनी दिसायचं. त्याचा ठराव मी दोनदा वाचला होता. घड्याळाची नोंद फक्त कामाच्या वेळेत, म्हणजे सकाळी सहा ते दुपारी दोन, पाहिली जाईल, असं त्यात स्पष्ट होतं. दुसरं एक कलमही तितकंच स्पष्ट होतं. घड्याळ ज्याचं त्याच्याच ताब्यात राहील. दुसऱ्याकडे दिलेलं आढळलं तर देणारा आणि घेणारा, दोघांनाही कामावरून कमी करण्यात येईल.

कौसाबाई अकरा वर्षं रोजंदारीवर होत्या. कामाच्या वेळेनंतर सहकारी स्त्रियांना रोज घरी जमवून नगरपरिषदेविरुद्ध चिथावणी दिली, असं कारण देऊन त्यांना काढलं होतं. त्यावर त्यांनी जिल्ह्याला दोन ओळींचा अर्ज कोणाकडून तरी लिहवून घेतला. माझ्या घरी दुपारी कोणी जमत नाही. आणि माझ्या घरी दुपारी काय होतं ते अध्यक्षांना कसं कळतं, याची चौकशी व्हावी. त्या दुसऱ्या ओळीसाठी आमची दोघांची समिती नेमली गेली. लोहारेकरांना कायदा कळत होता. यंत्रातलं कळणारं कोणीतरी हवं म्हणून प्राचार्यांनी मला न विचारता माझं नाव दिलं. मी तिथल्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. या गोष्टीला आता आठ वर्षं झाली.

अण्णा दुसऱ्या दिवशी आले. येताना जिन्यात पडलेला कागद उचलून त्यांनी खिशात घातला. ती सवयच होती त्यांची. त्यांच्या कारकिर्दीत गावाला स्वच्छतेची दोन बक्षिसं मिळाली होती आणि त्यासाठी पहाटे गटारांवर उभं राहताना मी स्वतः त्यांना पाहिलेलं होतं. त्यांची धाकटी मुलगी माझी विद्यार्थिनी. त्यामुळे मला खुर्ची सरकवून देऊन मगच ते बसले.

त्यांचं म्हणणं असं की, घड्याळ बायका घरी नेतात, ते आपलं आपण ठिपका पाठवत राहतं, त्याला ते काय करणार? पडदा कार्यालयात उघड्यावर लावलेला आहे. येणारा-जाणारा बघतो.

"पासवर्ड तर तांबोळीच्या पाठीमागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, मॅडम. चहावाल्यालासुद्धा ठाऊक असेल."

हे खरं होतं. मी ते कॅलेंडर पाहिलं होतं. मग यादी तुमच्या अक्षरात कशी, यावर ते म्हणाले, कोणीतरी सांगितलं, मी उतरवून घेतलं. कोणी सांगितलं ते आता आठवत नाही.

घड्याळं पुरवणाऱ्या कंपनीकडे मी एक नोंद मागितली. कोणत्या घड्याळाचा ठिपका कोणी, केव्हा उघडून पाहिला, एवढीच. कंपनीने पेन ड्राइव्ह पाठवला. नव्वद दिवसांत दुपारी दोननंतर दोनशे बारा वेळा पाहिलं गेलं होतं आणि दोनशे बाराही वेळा एकाच फोनवरून. फोनवरून पाहायचं तर प्रत्येक वेळी त्याच नंबरवर संदेशाने एक आकडा येतो, तो भरावा लागतो. नंबर अण्णांचा होता. एका रविवारी त्यांनी एकोणीस वेळा पाहिलं होतं.

लोहारेकर म्हणाले, झालं की. संध्याकाळपर्यंत अहवाल लिहून टाकू.

खरोखर झालं होतं. मी तिथे थांबायला हवं होतं.

पण कंपनीने मागितलेल्या नोंदीबरोबर न मागितलेलीही पाठवली होती. चौसष्ट घड्याळं नव्वद दिवस, चोवीस तास कुठे कुठे होती ती सगळी. मी ती फाइल उघडली. परिशिष्टातल्या वेळा पडताळायला हव्यात, असं मी लोहारेकरांना सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. प्रयोगशाळेत एक वाचन कधी पुरत नाही, अशी माझी शिस्त. चार आलेखकागद चिकटवून मी त्यावर गाव काढलं आणि एकतीस ते अडतीस क्रमांकांच्या वाटा आठ रंगांत उतरवायला बसले. चार-पाच दिवसांच्या वाटा पुरे होत्या. मला एकोणीस दिवस लागले, कारण मी नव्वदही दिवस उतरवले.

कॉलेज सुटलं की मी प्रयोगशाळेत बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला आकडे वाचावे लागेनात. चौतीस नंबर सकाळी देवीच्या देवळाशी मिनिटभर थांबते. छत्तीस नंबर शुक्रवारी बसस्टँडवर जाते आणि साडेसहाची गाडी निघून गेल्यावर एकटीच परत येते. सदतीसचं कोणाशी तरी बिनसलं असावं, कारण महिन्याच्या मध्यापासून ती लांबच्या वाटेने घरी जाऊ लागली. आठजणींपैकी एकीलाही मी चेहऱ्याने ओळखत नव्हते.

आणि मग हिशेब जुळेना. दोन वाजता हजेरी शेडपासून कौसाबाईंच्या घरापर्यंत आठही वाटा एकमेकींवर बसत होत्या. शेजारी शेजारी नव्हेत, अगदी वर. आठ बायका चालल्या तर एक पुढे जाते, एक भाजी घ्यायला थांबते, दोघी मागे रेंगाळतात. इथे आठही ठिपके एकाच क्षणी थांबत होते आणि एकाच क्षणी निघत होते. मी चूक शोधत राहिले. कागद बदलला, मोजपट्टी बदलली. मग एका दुपारी तक्त्यातल्या शेवटच्या रकान्याकडे लक्ष गेलं. तो बॅटरीचा होता. मी तो आतापर्यंत वगळतच आले होते. दोन चाळीसला अठरा, बावीस, पंधरा. पाच वाजता शंभर, शंभर, शंभर.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीत गेले.

कौसाबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. काळ्यासावळ्या, किडकिडीत, पन्नाशीच्या आत-बाहेरच्या. मी नाव सांगितलं. त्या उठल्या, सूप बाजूला ठेवलं आणि पहिलं हेच विचारलं, "घर कुनी दावलं?"

मी म्हणाले, कोणी नाही.

"गिरनीच्या मागनं आलात तुमी. ती वाट वस्तीतल्यालाच ठाव असती."

मला तेव्हाच लक्षात आलं की मी गल्लीच्या तोंडाशी कोणालाच काही विचारलं नव्हतं. वळणं घेत सरळ आले होते. मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी आत बसायला सांगितलं.

एकच खोली. भिंतीवर, देवाच्या फळीखाली एक लांब पांढरा बोर्ड लटकत होता आणि त्याला आठ वायरी. चौकशीसाठी घड्याळं आम्ही ताब्यात घेतली होती, त्यामुळे वायरी मोकळ्या होत्या. तरी बोर्ड फडक्याने पुसलेला दिसत होता.

"याच्यावर आठ घड्याळं लागायची," मी म्हणाले.

त्यांनी दार अर्धं लोटलं आणि मग सांगितलं. आठ घड्याळांमागे चार्जिंगचा एक बोर्ड, अशी नगरपरिषदेची वाटणी होती आणि तो हजेरी शेडमध्ये राहायचा होता. दुसऱ्याच आठवड्यात शेडमधला सॉकेट जळला. मुकादमाला सांगितलं, त्याने कार्यालयात सांगितलं, कार्यालय म्हणालं माणूस येईल. तो काही आला नाही. घड्याळ बंद पडलं की गैरहजेरी लागायची. मग मुकादमच म्हणाला, कौसाबाई, तुमच्याकडं मीटर हाय, बोर्ड घरी न्या. दोन वाजता हजेरी सुटली की सातजणी आपापलं घड्याळ काढून यांच्या पिशवीत टाकायच्या. पाच वाजता एकेक जण येऊन घेऊन जायची.

"आणि बसायच्या? गप्पा?"

"कुनाला येळ हाय? दारातनंच घ्यायच्या अन् जायच्या. च्या घे म्हनलं तरी थांबत न्हवत्या."

म्हणजे तीन महिने अध्यक्षांनी फोनवर पाहिलेली बैठक ही या भिंतीवर टांगलेली आठ घड्याळं होती. मला हसू आलं. मी त्यांना म्हणाले, आता काळजी करू नका. बॅटरीचा रकाना आहे माझ्याकडे. कोणी जमत नव्हतं हे मी कागदावर सिद्ध करते. तुमच्यावरचा आरोप उभाच राहत नाही.

त्या हसल्या नाहीत. उदाहरण नीट सोडवलं पण प्रश्नच वाचला नाही अशा मुलीकडे मी वर्गात बघते, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"घड्याळ दुसरीकडं दिलं तर दोघी जात्यात," त्या म्हणाल्या. "म्या तर गेलेच हाय. तुमच्या कागदानं माझ्यावरचा बैठकीचा ठपका जाईल अन् सातजणी कामावरनं जातील. म्या बी ऱ्हात न्हाई त्यात."

मुकादमाने सांगितलं होतं ना, मी म्हणाले. लेखी हाय का, त्यांनी विचारलं. मग स्वतःच मान हलवली.

"बैठक हुती म्हून लिव्हा, म्याडम."

"नव्हती ना पण."

"न्हवती. तरी लिव्हा. बैठकीनं माझी एकटीची भाकर जाती."

जे नाही ते मला लिहिता येणार नाही, असं मी सांगितलं. मंग काय लिव्हनार, असं त्यांनी विचारलं. येताना मी लांबच्या, मोठ्या रस्त्याने आले.

पुढचे चार दिवस मला नीट सांगता येत नाहीत. मी वर्ग घेत होते, मुलं प्रश्न विचारत होती, मी उत्तरं देत होते. डोक्यात मात्र एकाच गोष्टीची चार टोकं होती आणि एक धरलं की दुसरं सुटायचं. अण्णांनी चोरून पाहिलं हे खरं. पण पाहिलं काय, तर घड्याळं. मग ते पाहणं लहान होतं का? बायका जमत नव्हत्या हे खरं, पण ते सिद्ध करणं म्हणजे त्यांना बाहेर काढणं. गप्प राहावं, तर सहा पानांचं खोटं सरकारी कागदावर तसंच राहतं आणि ते खोटं आहे हे ठाऊक असलेली मी एकटी. आणि हे सगळं मला ज्या वाटेने कळलं ती वाट अण्णांचीच होती. लोहारेकरांना सांगावं असं दोनदा वाटलं. सांगितलं असतं तर त्यांना ते नोंदवावं लागलं असतं. सरळ माणूस होता तो.

सुनावणी सकाळी अकरा वाजता, नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही कौसाबाई आणि त्या सातजणी मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सातजणींचे चेहरे मी पहिल्यांदाच पाहत होते. यातली शुक्रवारी बसस्टँडवर जाणारी कोण, असा विचार मनात आला आणि मी नजर कागदावर आणली.

लोहारेकरांनी दोनशे बाराचा आकडा वाचला, फोनचा नंबर वाचला आणि अण्णांना विचारलं, यावर आपलं काय म्हणणं आहे. कॅलेंडरवरच्या पासवर्डचं पुन्हा निघेल असं मला वाटलं होतं. अण्णांनी टेबलावरची फुलदाणी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "पाहिलं. मीच पाहिलं."

आणि मग ते बोलत राहिले. सुरुवातीला अपघाताने घडलं. जेवून पडलो होतो, सहज फोन उघडला, तर आठ ठिपके एका ठिकाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गावातल्या प्रत्येक माणसाला नावाने ओळखणारा मी, या आठजणींना कामाला मी लावलं, यांच्या पोरांच्या लग्नात जेवलो, आणि या रोज अडीच तास दार लावून बसतात. कशासाठी? मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, असं काही नाही. म्हणजे तोही त्यांना मिळालेला. मग जेवण जाईना, फोन खाली ठेववेना.

"माझ्याविषयी नसतील बोलत तर कशाविषयी बोलत असतील, सांगा. तुम्ही माझ्या जागी असतात, लोहारेकरसाहेब, तर फोन बंद करून झोपला असतात?"

मागे कोणीतरी खोकलं. अण्णा माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही शास्त्राच्या. सगळा डेटा तुमच्याकडे आहे, मला कंपनीनं सांगितलं. माझी चूक मी कबूल केली, लिहून घ्या. पण बाई म्हणते तिच्या घरी कोणी जमत नाही आणि मी रोज डोळ्यांनी पाहिलंय. आता तुम्हीच सांगा, त्या घरात बैठक होत होती की नव्हती?"

त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. ते धूर्तपणे विचारलेलं नव्हतं आणि म्हणूनच अवघड होतं. एका वाक्यात मी त्या माणसाला मोकळं करू शकले असते. माझ्या समोर सातजणी आणि आठवी, कोणी हललं नाही. कौसाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"मी सांगणार नाही," मी म्हणाले.

लोहारेकरांचं पेन थांबलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" अण्णांनी विचारलं.

"माहीत आहे."

"मग?"

"मला ते दोननंतरच्या नोंदीतून कळलं. ठरावाप्रमाणे ती नोंद तुम्हाला दिसायला नको होती. मलाही नको होती. जे कळायलाच नको होतं ते मी इथे सांगितलं, तर उद्या तुमचं पाहणं उपयोगी ठरलं असं होईल. बैठक होती की नव्हती, हा प्रश्न तुम्हाला विचारता येत नाही, अण्णा. मला उत्तरही देता येत नाही."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. बोलता बोलता ते माझ्या तोंडून आलं आणि ऐकून मला स्वतःलाच ते पटलं. अण्णा मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.

"म्हणजे तुम्हीपण पाहिलंत," ते हळू म्हणाले.

"हो."

"किती दिवस?"

"एकोणीस."

"मग तुमची चौकशी कोण करणार?"

मागे सातजणींतली एक हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. लोहारेकरांनी घसा साफ केला, हा प्रश्न कक्षेबाहेरचा आहे असं सांगितलं आणि इतिवृत्तात लिहिलं, की सदस्य क्रमांक दोन यांनी उत्तर देण्यास नकार दिला. तो कागद अजून असेल कुठेतरी.

अहवाल साडेचार पानांचा झाला. दोननंतर पाहणं हे अध्यक्षांचं स्वतःचं कृत्य, ठरावाच्या विरुद्ध. त्यातून मिळालेली माहिती पुरावा म्हणून वापरता येत नाही. सबब परिशिष्ट आणि आदेश दोन्ही रद्द करावेत. अध्यक्षांवर कारवाई व्हावी. शेवटी किरकोळ शिफारशींत मी एक ओळ घातली, की हजेरी शेडमधली वीजजोडणी दुरुस्त करावी. हे कशाला, असं लोहारेकरांनी विचारलं. मी म्हणाले, जाता येता दिसलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सही केली.

अण्णांना पदावरून दूर करण्याचा आदेश पाच महिन्यांनी निघाला. त्यांनी त्याला स्थगिती आणली आणि त्या स्थगितीतच त्यांची मुदत संपली. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. घड्याळं चालूच राहिली, फक्त दोन वाजता आपोआप बंद होतील अशी केली.

कौसाबाई मात्र त्याआधीच कामावर रुजू झाल्या होत्या. रुजू झाल्यावर आठवड्याभराने, हजेरी सुटल्यावर, त्या महाविद्यालयात आल्या. मी प्रयोगशाळेत एकटीच होते. निळी साडी, वरून नगरपरिषदेचं केशरी जॅकेट. स्टूलवर बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. आभाराचंही काही बोलल्या नाहीत. एक मात्र सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा हसल्या. आठजणी आता खरंच जमतात, बुधवारी. अण्णांनी एवढं शिक्का मारून लिहून दिलं, तेव्हा म्हटलं जमून बघावं.

मग म्हणाल्या, "त्यो कागद बघायचाय. ज्याच्यावरनं तुमाला घर घावलं."

मी कपाटातून आलेखकागद काढून टेबलावर पसरला. कौसाबाई वाकल्या. हे शेड, हा बसस्टँड, ही गिरणी, असं मी दाखवत गेले. त्यांना लगेच समजलं. त्या गावाचा नकाशा त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक होता. त्यांची वाट कुठली ते विचारलं. मी तांबडी रेघ दाखवली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली. मारुतीची गल्ली, मटण मार्केट, दवाखान्याचा मागचा रस्ता.

"एवढी चालते म्या?"

"सकाळचे नऊ किलोमीटर."

"नऊ," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं असं मला वाटलं, आणि मला बरं वाटलं.

बोट पुढे गेलं. शेडपासून घर, घरापासून पाच वाजता पुन्हा बाहेर. तिथे तांबडी रेघ गावाबाहेर कालव्याच्या बाजूला जात होती. इतर रेघांच्या मानाने बारीक, पण बारा वेळा गिरवलेली. दर गुरुवारी. कालव्यापलीकडे एका जागी ती पाऊण तास थांबायची आणि आलेल्या वाटेनेच परत यायची. बोट त्या टोकावर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"हे बी पायलं तुमी."

"हो."

"अन् अण्णानं?"

मला ते पाठ होतं. कोणी, केव्हा, काय पाहिलं त्याची नोंद मी तपासलेली होती. ठिपके पांगले की अण्णा फोन ठेवून द्यायचे. त्यांना एकत्र असलेल्या बायकांची भीती होती. एकटी बाई पुढे कुठे जाते, यात त्यांना रस नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "ते पाच वाजता बंद करायचे. हे फक्त मी पाहिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. राग असता तर मी काही बोलले असते. त्या थांबल्या, मी विचारीन म्हणून थांबल्या असाव्यात, आणि मी विचारत नाही हे बघून त्यांचा चेहरा आणखी मिटला. मग त्यांनी चारही आलेखकागद घडी केले, घडीवर तळवा फिरवला, जॅकेटच्या आत ठेवले आणि गेल्या. मी अडवलं नाही. त्या कागदांची दुसरी प्रत नव्हती आणि पेन ड्राइव्हवरची ती फाइल मी त्याच दुपारी पुसून टाकली.

कालव्यापलीकडे काय आहे ते मी कधी जाऊन पाहिलं नाही. तीन वर्षांनी माझी बदली झाली, तोवर त्या बाजूला फिरायलाही गेले नाही. रस्ता मात्र मला अजून पाठ आहे.